अकलूजची घोडी: घ्यायची की सोडायची?

दादा: डॉक्टरांची तपासणी झाली. दातांवरून वय सहाच्या आसपास. डोळे, हृदय, श्वास ठीक. अडलं ते पुढच्या डाव्या पायात. पाय मिनिटभर मुडपून धरला आणि लगेच दुडकी पळवली, तर लंगडली. डांबरावर डावीकडे गोल फिरवली तेव्हा तर डोकं वर-खाली व्हायला लागलं. एक्स-रेत खुरातलं नॅव्हिक्युलर हाड खराब दिसतंय. मालक तीस हजार कमी करतो म्हणतोय, पण उत्तर आजच पाहिजे.

भैय्या: अकलूजच्या बाजारात मी स्वतः बसलो होतो की तिच्यावर. रेवाल चाल (मारवाडी घोड्याची जलद, झुलती चाल) एकदम सरळ होती. लंगडणं कुठंच नव्हतं.

तात्या: गळ्याला देवमण आहे, शुभ भोवरा. असलं जनावर दारातनं परत धाडू नये. नालबंदाला दाखवा, नाल बदलला की पाय सुटतो.

ताई (पुणे): तात्या, नाल नीट बसवला, खूर बेताचं छाटलं तर आराम पडतो हे खरं. अशी जनावरं काही वर्षं हलकं काम करतात. पण ते हाड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. घोड्याचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, वर माणूस बसला की भार आणखी वाढतो.
भैय्या, बाजारात तू मऊ मातीवर सरळ चालवलीस. हे दुखणं कडक जमिनीवर आणि वळणावर उघडं पडतं. वेदनाशामक दिलं असेल तर लंगडं घोडंही सरळ चालतं. मालकानं तसं केलं असं मी म्हणत नाही, पण त्यासाठीच तपासणीवेळी रक्ताचा नमुना घेऊन ठेवतात.

भैय्या: म्हणजे घोडी वाईटच म्हणायची?

ताई (पुणे): अजिबात नाही, गुणी आहे. पण आपण तिच्याकडून काय करून घेणार ते बघ. चिऊ तिच्यावर बसायला शिकणार आणि लग्नसराईत वराती. वरात म्हणजे तासन्‌तास डांबरावर, डीजेच्या दणक्यात. दुखऱ्या पायाचं जनावर ठेचकाळतं. चौदा वर्षांची पोर पाठीवर असताना ठेचकाळलं तर? मला त्या दोघींचीही काळजी वाटते.

वहिनी: पैशाचं मी बोलते. तीस हजार एकदाच सुटणार. चारा, दाणा, नालबंद, औषध दर महिन्याला लागणार. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं आणि ही आत्ता सहाची आहे. दोन वर्षांत बसणं बंद झालं तर काय करायचं? खरं सांगून विकली तर कोण घेईल? आणि लपवून विकायला माझा जीव धजणार नाही.

तात्या: मग शिंगरासाठी ठेवू. मारवाडी शिंगराला भाव चांगला येतो.

ताई (पुणे): घोडी अकरा महिने गाभण राहते, तात्या. तेही वजन त्याच पायांवर. आणि खुराची ठेवणच बिघडलेली असली तर ती शिंगरातही उतरू शकते.
दादा, ग्लँडर्सची तपासणी झाली का? हा रोग माणसालाही होतो. बाधित घोड्यावर उपचार करत नाहीत, कायद्यानं त्याला मारावंच लागतं. पक्कं निदान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतं. कुठलीही घोडी घेताना हे आधी.

दादा: झालेली नाही. मागितली तर मालक टाळतोय.

वहिनी: मग विषय संपला. माझ्याकडनं नाही.

तात्या: ग्लँडर्सचं ध्यानातच नव्हतं. टाळत असेल तर नकोच. गोठ्यात पोरं असतात.

आक्का: चिऊनं नाव ठेवलंय रे तिचं. गड्ड्याच्या यात्रेआधी घोडी येणार म्हणून शाळेत सांगून बसलीय.

दादा: चिऊला मी आज रात्री बसवून एक्स-रे दाखवतो. मोठी झालीय, समजेल तिला. मालकाला आत्ताच फोन केला, घेत नाही म्हणून सांगितलं आणि इसार परत मागितला. उद्या देतो म्हणालाय. एक्स-रे त्यालाही पाठवलेत, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवा आणि तिला दुडकी पळवू नका म्हटलं.

भैय्या: वाईट वाटतंय, पण बरोबर आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊ या का? तिथं घोडे भरपूर येतात.

ताई (पुणे): जाऊ. पण जाण्याआधी डॉक्टर ठरवा आणि सौदा करताना चिठ्ठीवर लिहून घ्या: तपासणी आणि रक्ताचा अहवाल नीट आला तरच इसार पक्का, नाहीतर पूर्ण परत. आणि भैय्या, डांबरावर दोन्ही बाजूंना गोल फिरवून बघितल्याशिवाय कुणाच्याही हातावर हात मारू नकोस.