सीबीचा एसडब्ल्यूआर तीनच्या खाली येईना, अँटेना बदलू का?

वैनगंगा_डेन्व्हर:
मंडळी, २०१८ ची फोर्ड एफ-१५० आहे, तिच्यात सीबी, म्हणजे गाडीगाडीत बोलायचा रेडिओ, बसवलाय. पुढच्या महिन्यात चार गाड्या घेऊन युटातल्या मोआबला जातोय. तिथल्या दऱ्यांत मोबाईलचा भरवसा नाही, म्हणून हा उद्योग. चुंबकाच्या बुडाचा तीन फुटी अँटेना आणून टपावर ठेवला, तर घसरून बॉनेटवर! एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे, हे शेजाऱ्याने नंतर हसत हसत सांगितलं. मग हौद्यातल्या लोखंडी हत्यारपेटीवर चिकटवला. आता एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं बरं) १ नंबरच्या चॅनेलला ३.२, २० ला ३, ४० ला ३.१. आवाज जेमतेम अर्धा मैल जातो. बायको म्हणते, खिडकीतून ओरडलास तरी पोचेल. महागातला अँटेना घेऊ, की ती १०२ इंची अँटेनाची सळई?

तांब्याची_तार:
सीबी कशाला, जीएमआरएस हा दुसऱ्या प्रकारचा रेडिओ घ्या.

वैनगंगा_डेन्व्हर:
बाकी तिघांकडे सीबीच आहे हो.

निवृत्त_वायरमन:
थांब, पैसे घालू नकोस. १ वर जास्त नि ४० वर कमी असता, तर अँटेना आखूड म्हटलं असतं. उलट असता तर लांब. तिन्हीकडे सारखाच वाईट, म्हणजे ग्राउंडची, गाडीच्या पत्र्याशी जोडणीची, बोंब. पेटीखाली प्लास्टिकचा लायनर (अस्तर) आहे ना? मल्टीमीटरची एक पिन पेटीला, दुसरी चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) लावून बघ.

२७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटरची. तिचा पाव भाग पावणेतीन मीटर, म्हणजे १०२ इंची सळई अधिक बुडाची ६ इंची स्प्रिंग. तीन फुटीत ती लांबी तारेच्या गुंडाळीने भरून काढतात. पण दोन्हींत उरलेला अर्धा अँटेना म्हणजे गाडीचा पत्रा. तोच तुटलेला असेल तर सोन्याची सळई लावूनही उपयोग नाही. आणि तोवर बटण दाबून फार बोलू नकोस, एसडब्ल्यूआर तीनच्या वर असला की रेडिओचा फायनल, म्हणजे अँटेनाला ताकद देणारा शेवटचा, ट्रान्झिस्टर जातो.

अठराचाकी:
वायरमनकाका बरोबर. सळईचा नाद सोड. उंच जागी लावलीस तर आय-७० महामार्गावरच्या आयसेनहॉवर बोगद्यात चौदा फुटांच्या आत मावायचं आहे. आमच्या ट्रकच्या आरशांवर दोन अँटेना असतात ते बघून तेही करू नकोस, दोघांत आठ-नऊ फूट अंतर लागतं, पिकअपला तेवढी रुंदी कुठली. आणि मोजताना गराजबाहेर मोकळ्यात ये, गाडीची दारं लावून घे.

वैनगंगा_डेन्व्हर:
काका, मल्टीमीटर गप्पच! पेटीखाली लायनर, वर रबरी वॉशर. पेटीच्या बोल्टपाशी रंग खरवडला नि विणलेली तांब्याची पट्टी थेट चॅसीला आवळली. १ वर १.७, २० वर १.४, ४० वर १.५. काल १९ नंबरवर आय-७० वरचा ट्रकवाला चार मैलांवरून स्वच्छ बोलला. आता इंजिन रेस केलं की आत बारीक शिट्टी येते, तिचा नवा धागा काढतो.