मदत हवी आहे: कॉम्प्युटरचे आपोआप येणारे अपडेट सुरू ठेवावेत की बंद?

कातळावरून
१ फेब्रुवारी २०२६

मंडळी, प्रश्न साधा आहे. पण उत्तर देणारे दोघेही माझ्याच घरातले असल्यामुळे निकाल लागत नाहीये, म्हणून इथे विचारतोय.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. फार मोठी नाही. बराचसा माल वाशीला जातो, पण गेली काही वर्षं पेट्या थेट गिऱ्हाइकांनाही पाठवतो, पुणे, ठाणे, नाशिक. गिऱ्हाइकांचे पत्ते, कुणी किती डझन सांगितले, कुणाचे पैसे यायचेत, दलालाच्या पट्ट्या, फवारणीच्या औषधांची बिलं, सगळं पडवीतल्या एका कॉम्प्युटरवर. शेजारी लेबल छापायचा छोटा प्रिंटर. हे सगळं आमची ही सांभाळते. मी फक्त पेट्या बांधतो आणि मध्ये मध्ये बोलतो, असं तिचं म्हणणं.

२०२३ च्या एप्रिलात ऐन हंगामात एक प्रकार झाला. रात्री लेबलं छापून झाली, कॉम्प्युटर बंद करायला गेलो तर 'अपडेट अँड शट डाउन' असंच बटण. दाबलं. चक्र फिरत तीस टक्क्यांवर आलं आणि वळवाचा पाऊस सुरू झाला. गडगडाट, आणि लाईट गेली. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर तेव्हा फक्त दिवे आणि पंखे होते. सकाळी बघतो तर काळी स्क्रीन. दुरुस्तीवाला मुलगा तिसऱ्या दिवशी आला, सगळं पुसून नवीन घातलं. डी ड्राइव्ह वाचला. पत्त्यांची फाइल मात्र डेस्कटॉपवर होती, ती गेली. चूक आमचीच, दुसरीकडे कुठे ठेवलेलीच नव्हती. दोनशेच्या वर पत्ते हिने व्हॉट्सअ‍ॅप चाळून चाळून परत लिहिले. नाशिकच्या एका पेटीचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

जाताना त्या मुलाने अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाकली. म्हणाला, "दादा, आता हे परत सतावणार नाही." खरंच सतावलं नाही. त्यानंतर दोन हंगाम बिनघोर गेले.

आता दिवाळीत पुण्याचा भाचा आला होता. त्याने ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "मामा, दाराला कडी न लावता झोपताय तुम्ही." हिचं म्हणणं उलट. मोहोर आलाय, दोन महिन्यांत तोडणी सुरू होईल, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? शिवाय तिच्याकडे पुरावा आहे: २०२४ च्या जुलैत एका अपडेटपायी विमानतळं बंद पडली होती आणि लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर पडवीतल्या कॉम्प्युटरचं काय.

मशीन जुनंच घेतलेलं: सहाव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. विंडोज १० आता संपलं असंही ऐकतोय. मग अपडेट सुरू करून येणार तरी काय? आणि करायचंच तर आत्ता, की आंबा संपल्यावर जूनमध्ये?

---

चाकरमानी_डोंबिवली

वहिनी बरोबर आहेत. बंदच ठेवा. माझा लॅपटॉप चार वर्षं अपडेटशिवाय चाललाय, काही झालं नाही. आणि पेटीचा भाव काय यंदा?

---

सुरंगी

चाकरमानी, "काही झालं नाही" आणि "काही झालेलं कळलं नाही" यात फरक आहे. अपडेट बिघडला की लगेच दिसतो, स्क्रीन काळी पडते, आपण शिव्या घालतो. सॉफ्टवेअरमध्ये चोराला शिरता येईल असं भोक बुजवायचं राहिलं, तर ते कुणी येऊन जाईपर्यंत दिसत नाही.

काका, मी हेच काम करते, नोकरीत दीडशे-एक कॉम्प्युटर सांभाळते. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी वहिनींचा पुरावा. १९ जुलै २०२४ ला जे झालं तो विंडोजचा अपडेट नव्हता. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक फाइल सदोष निघाली आणि ते सॉफ्टवेअर असलेली सुमारे ८५ लाख मशीन निळी स्क्रीन दाखवून बंद पडली. ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण पडलेली मशीन एकेक करून हाताने उठवावी लागली, म्हणून विमानतळ रखडले. हे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या घेतात. तुमच्या पडवीत ते असायचं कारण नाही.

आता उलट बाजूचा पुरावा. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक भोक बुजवलं. अपडेट फुकट, सपोर्ट चालू असलेल्या सगळ्या विंडोजसाठी. १२ मे ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला, बरोबर त्याच भोकातून. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांच्या वर कॉम्प्युटर, इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. सगळ्या फाइलींना कुलूप आणि किल्लीसाठी ३०० डॉलरची मागणी. म्हणजे औषध दोन महिने आधी घरपोच आलेलं होतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर तुडतुडा दिसायच्या आधी फवारणी मिळाली होती, लोकांनी पंप उचलला नाही. आणि यात कुणी कुठल्या लिंकवर क्लिक करावं लागत नव्हतं. त्या नेटवर्कमध्ये असणं पुरे होतं.

अपडेट कधीच बिघडत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या नव्या आवृत्तीने काही जणांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली उडवल्या, मायक्रोसॉफ्टला ती थांबवून नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडावी लागली. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर छापायला दिलं की स्क्रीन निळी व्हायची. दुरुस्ती आठवड्याभरात आली. यातली पहिली गोष्ट आवृत्ती बदलण्याची, दुसरी महिन्याच्या सुरक्षा अपडेटची. लोक दोन्हीला "अपडेट"च म्हणतात आणि पहिल्याच्या रागाने दुसराही बंद करतात.

म्हणून मी काय करते ते सांगते. हे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. मी पाच-सहा दिवस थांबते. तोवर कुठे बोंब उठली तर कळते. मग रविवारी सकाळी स्वतः बसून घालते. सेटिंग्जमध्ये 'पॉज अपडेट्स' आहे, ते सात दिवसांचं दाबायचं. पस्तीस दिवसांपर्यंत लांबवता येतं, पण तुम्ही तेवढं लांबवू नका. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'मध्ये कामाचे तास भरून ठेवले, अठरा तासांपर्यंत भरता येतात, की त्या वेळेत ते आपणहून रीस्टार्ट करत नाही. 'ऑप्शनल' म्हणून जे दाखवतं त्याला हात लावू नका.

विंडोज १० चं: नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला की पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच 'एनरोल नाऊ' दिसतं. आवृत्ती २२एच२ हवी, ती सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे बघा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, त्यामुळे तुमच्या आय३ वर ते रीतसर येणार नाही. पुढच्या गणपतीपर्यंत नव्या मशीनचं बघावं लागेल. पण हा हंगाम यावर आरामात निघेल.

जूनपर्यंत थांबू नका. एप्रिल-मेमध्येच तुमच्या त्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त पत्ते आणि पैशांची नोंद असते ना?

---

करंजा_रेवस

सुरंगीताईंचं पटलं, पण एक सांगायचं राहिलं. २७ जून २०१७ ला आमच्या उरण तालुक्यात, जेएनपीटी बंदरात, एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. ते टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं, आणि नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने सगळी मर्स्कच आडवी केली होती. त्यांनी स्वतः नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं. आणि तो आला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या आपोआप येणाऱ्या अपडेटमधून! हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्येच विष कालवलं होतं. तेव्हा "अपडेट म्हणजे औषध" हे डोळे झाकून नको.

---

सुरंगी

मुद्दा मान्य, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. दोन गोष्टी जोडते. एकदा आत शिरल्यावर नॉटपेट्या ज्या वाटांनी पसरला त्यांतली एक वाट मार्चमध्ये बुजवलेलं तेच भोक होतं. दुसरी वाट चोरलेल्या पासवर्डची, तिथे अपडेट केलेली मशीनही वाचली नाहीत. विंडोज स्वतःचा अपडेट घालण्याआधी त्यावरची डिजिटल सही तपासतं, वाटेत कुणी बदललेला चालत नाही. बाकीच्या सॉफ्टवेअरचं मात्र एकेकाचं बघावं लागतं. त्यावर साधा उपाय एकच: नको ती सॉफ्टवेअरं काढून टाका. जेवढी कमी, तेवढी दारं कमी. काका, दुरुस्तीवाल्या मुलाने कृपेने काय काय घालून ठेवलंय ते एकदा बघाच.

---

गजालीकार_मालवण

दादानू, ह्या सगळा आयकलंय. पण आधी बॅकअप घेवा, मगे काय ता करा. तुमचो खरो घात अपडेटान नाय केल्यान, एकच फाइल एकाच जाग्यार होती तेना केल्यान.

आणि इन्व्हर्टरच्या मागे एक बारीक बटण असता, यूपीएस आणि इको. ता यूपीएसवर करा. इकोवर असला तर लाईट गेल्यावर पंखो फिरत रवता, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होता. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दोन वर्सा माका ह्याच कळाक नाय होता.

---

कातळावरून

सगळ्यांचे आभार. हिने सगळं मोठ्याने वाचून घेतलं. तुडतुड्याचं उदाहरण तिला पटलं, कारण गेल्या साली मी एक फवारणी चुकवली होती आणि तो विषय घरात अजून संपलेला नाही.

तीन शंका. एक, अडीच-तीन वर्षांचे साठलेले अपडेट एकामागून एक घालावे लागतील का? आमच्याकडे नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात. दोन, बॅकअप कशावर? तीन, हिला परवा इंटरनेटवर काही बघताना मोठ्ठी लाल पाटी आली, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, लगेच अपडेट करा", खाली फोन नंबर. ती घाबरून बटण दाबून मोकळी झाली, कॉम्प्युटरचंच. तो अपडेट होता का?

---

सुरंगी

तिसरं आधी, कारण तेच घाईचं. तो अपडेट नव्हता, ठकसेन होता. वहिनींनी बंद केला ते उत्तम केलं. खरा अपडेट वेबपानावर पाटी लावून येत नाही, खाली फोन नंबर देत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल म्हणून तर कधीच येत नाही. तो सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो. चुकून कुणी फोन केला, पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं.

साठलेले एकेक घालायची गरज नाही. महिन्याच्या अपडेटमध्ये मागचं सगळं धरलेलं असतं, शेवटचा घातला की पुरे. डाउनलोड मात्र मोठं असेल, तेव्हा पहिल्या वेळी नेट धड असेल तिथे मशीन उचलून न्या. हॉटस्पॉटच्या कनेक्शनला 'मेटर्ड' करून ठेवा, म्हणजे ऐन कामात डेटा खाणार नाही. पण मग महिन्यातून एकदा आठवणीने स्वतः 'डाउनलोड' दाबावं लागेल. कॅलेंडरवर खूण करा.

बॅकअपला बाहेरची हार्ड डिस्क घ्या. कॉपी झाली की काढून कपाटात. लावून ठेवली तर कुलूप घालणारा व्हायरस तिलाही कुलूप घालतो. पत्त्यांची फाइल शिवाय स्वतःलाच ईमेल करा. मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही मशीन ती की मागत बसली होती आणि लोकांना ती कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं.

---

चाकरमानी_डोंबिवली

मी पण केला अपडेट. तीनदा रीस्टार्ट झाला. चालू आहे. भाव कुणी सांगितला नाही.

---

कातळावरून
१५ फेब्रुवारी २०२६

आज रविवार, आणि अपडेट मंगळवारी सुटलेला. भाच्याने फोनवरून सांगत सर्व्हिस सुरू करून दिली, एनरोलही झालं. आवृत्ती २२एच२ च निघाली. मशीन आणि स्क्रीन बाजारपेठेत मेहुण्याच्या दुकानात नेली, तिथे फायबर आहे. त्याआधी पत्ते डिस्कवर घेतले. इन्व्हर्टरचं बटण इकोवर होतं. गजालीकार, तुम्हाला एक पेटी.

डाउनलोड दुकानात झालं, पण मेहुण्याला दुपारी दुकान बंद करायचं होतं, म्हणून पुढचं घरी आणून केलं. ही खुर्ची घेऊन समोरच बसली होती, मला जवळ येऊ दिलं नाही. ६१ टक्क्यांवर लाईट गेली. पंखा जरा मंदावला, स्क्रीन तशीच राहिली, आकडा ६२ झाला. मी देवाला हात जोडले ते हिने पाहिलं.

एकूण दोन तास गेले. नंतर एक लेबल छापून बघितलं. थोडं तिरकं आलं. पण ते पूर्वीही तिरकंच यायचं.

चाकरमानी, भाव एप्रिलात विचारा.