‘सुगम्य रस्ता’ म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे कोणता शब्द चालेल?

प्रश्न (वडगाव, बेळगाव)
वाचनालयातर्फे वाटायला मराठी पत्रक लिहितेय. म्हातारी माणसं, शाळेची पोरं, चाकाच्या खुर्चीवरचे, अंध, सगळ्यांना बिनधोक वापरता येईल असा रस्ता, हा विषय. केंद्राच्या 2015 च्या मोहिमेचं नाव ‘सुगम्य भारत’, म्हणून ‘सुगम्य रस्ते’ लिहिलं. वाचून दाखवलं तर शेजारच्या काकूंनी विचारलं, “म्हणजे ट्रॅफिक सुटणार काय?” दुसरा शब्द सुचवा.

टिळकवाडी
काकूंचं बरोबर आहे. कन्नडमधलं ‘सुगम संचार’ आपल्या कानावर सतत पडतं आणि ते असतं गाड्यांबद्दल. ‘सुलभ’ म्हटलं की लोकांना शौचालय आठवतं. मी ‘बिनअडथळ्याचा रस्ता’ लिहीन. फूटपाथच्या मधोमध विजेचा खांब, त्याला टेकवलेली मोटरसायकल, पुढे उघडं गटार. हा शब्द वाचला की माणूस आपल्या दारासमोर बघायला लागतो.

गणपत गल्लीजवळून
बिनअडथळ्याचा म्हटलं की पहिली उचलबांगडी होते ती खेड्यातून भाजी घेऊन आलेल्या बाईच्या बुट्टीची. मोटरसायकल तिथंच राहते. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यांनाही रस्त्यावर हक्काची जागा आहे. त्यामुळे मला हा शब्द एकट्याने पुरेसा वाटत नाही.

शहापूर
मग ‘रस्ता’ हाच शब्द सोडा की! पुण्या-मुंबईकडे गल्ली म्हणजे अरुंद बोळ. आपल्याकडे तसं नाही. गणपत गल्ली भर बाजारपेठ आहे, तरी गल्लीच. रामदेव गल्ली, चव्हाट गल्ली, नावं बघा. गल्लीत माणसं राहतात, विकतात, गणपती बसवतात, पोरं खेळतात. रस्ता कुठंतरी पोचायला असतो. तुम्हाला हवी ती गोष्ट ‘सगळ्यांची गल्ली’ यात नीट बसते. मात्र खानापूर रोडला गल्ली म्हणता येणार नाही, तिथं ‘सगळ्यांसाठी रस्ता’ लिहा.

खानापूर (बांधकामाची कामं करतो)
नाव काहीही द्या, पण आत मापं लिहा. इंडियन रोड्स काँग्रेस (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) हिच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फूटपाथवर चालायला निदान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. रॅम्पचा उतार 1:12, म्हणजे 15 सेंटिमीटर चढायला 1.8 मीटर लांब उतार. कॉन्ट्रॅक्टर हातभर सिमेंट ओतून ‘रॅम्प केला’ म्हणतो, त्यावर खुर्ची ढकलणाऱ्याचा जीव जातो. ‘रॅम्प’ सगळ्यांना कळतो, उगाच ‘प्रवणपथ’ वगैरे करू नका.
फूटपाथवर अंधांसाठी बसवतात त्या पिवळ्या फरश्यांबद्दलही लिहा. लांब रेघांची फरशी म्हणजे पुढे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. या फरश्या 1967 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा बसवल्या. शोभेच्या नाहीत त्या! अंध माणूस काठीने आणि तळपायाने त्या वाचतो. रेघांची ओळ झाडाच्या बुंध्यात नेऊन संपवली तर तो तिथंच आपटणार.

वडगाव (प्रश्नकर्ती)
सगळ्यांचे आभार. मथळा ‘सगळ्यांची गल्ली’ ठेवते. ‘सुगम्य’ कंसातसुद्धा ठेवत नाही. ‘बिनअडथळ्याचा’ फक्त फूटपाथपुरता वापरते आणि भाजीवालीची जागा त्याच परिच्छेदात वेगळी मागते. फरश्यांचं चित्र काढून देणारं कुणी आहे का?