आडतीच्या सॉफ्टवेअरमध्ये हॅक झालेलं पॅकेज शिरू नये म्हणून काय करावं?

मोंढा_डेव्ह, लातूर:
आम्ही 5 जण आडत दुकानांसाठी काटा, पट्टी आणि शेतकऱ्याच्या पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये आहे. आम्ही घेतलेली पॅकेजं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, 60; पण त्या पॅकेजांना लागणारी पॅकेजं धरून लॉक फाइलीत (नेमकी व्हर्जन नोंदलेली यादी) 900 च्या वर. बिल्ड (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं) गिटहब अ‍ॅक्शन्स या ऑनलाइन सेवेवर आपोआप होतं, अपडेट रात्री आपोआप 40 दुकानांत जातं. एखादं पॅकेज हॅक झालं तर सकाळी सौद्याच्या वेळी सगळीकडे तेच चालू असेल. अँटिव्हायरस सोडून काय करता येईल?

नोडकर_नांदेड:
एनपीएम म्हणजे नोडची पॅकेजं उतरवणारं साधन. आधी बिल्डमधून ‘एनपीएम इन्स्टॉल’ काढा आणि ‘एनपीएम सीआय’ लावा. पॅकेज फाइल आणि लॉक फाइल जुळत नसतील तर इन्स्टॉल गुपचूप लॉक फाइल बदलतं; सीआय एरर देऊन थांबतं. थांबलेलंच बरं.

मग एनपीएमच्या सेटिंगमध्ये ‘इग्नोर स्क्रिप्ट्स’ चालू करा. पॅकेज उतरताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट हीच टोकन (पासवर्डसारख्या प्रवेशाच्या किल्ल्या) चोरणाऱ्यांची आवडती वाट. हे केलं की पपेटियरसारखी पॅकेजं अडतील, कारण त्यांना ती स्क्रिप्ट खरंच लागते. तेवढ्या पॅकेजांपुरतं रिबिल्ड करा आणि त्याच कमांडमध्ये हे सेटिंग बंद ठेवा, नाहीतर रिबिल्डही काहीच न करता संपतं.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. 8 सप्टेंबर 2025 ला चॉक आणि डीबग ही खूप वापरली जाणारी पॅकेजं हॅक झाली, तेव्हा घातक कोड स्क्रिप्टमध्ये नव्हताच, थेट पॅकेजच्या आत होता. ती व्हर्जन काही तासांतच काढली गेली. म्हणून माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि भक्कम उपाय म्हणजे नवं व्हर्जन 7 दिवस शिळं होऊ द्यायचं. एनपीएमऐवजी वापरता येणाऱ्या पीएनपीएममध्ये त्यासाठी ‘मिनिमम रिलीज एज’ हे सेटिंग आहे. आकडा मिनिटांत लागतो, म्हणजे 10080. तिथं 7 लिहिलं तर फक्त सातच मिनिटं थांबेल! सुरक्षेची दुरुस्ती आली तर तेवढं एक पॅकेज हाताने सूट देऊन घ्या.

बिल्ड_संभाजीनगर:
नांदेडकरांनी पॅकेजचं सांगितलं, पण बिल्डकडेही तेवढंच बघा. अ‍ॅक्शन्समध्ये दुसऱ्याची अ‍ॅक्शन (बिल्डमधलं एक तयार पाऊल) ‘व्ही4’ अशा टॅगने, म्हणजे व्हर्जनच्या नावाने, घेत असाल तर तो टॅग उद्या दुसऱ्याच कोडवर नेता येतो. मार्च 2025 मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सच्या एका अ‍ॅक्शनचं नेमकं हेच झालं आणि अनेकांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. टॅगच्या जागी 40 अक्षरी कमिट हॅश (त्या नेमक्या कोडचा न बदलणारा क्रमांक) टाका आणि बिल्डच्या टोकनला फक्त वाचायची परवानगी द्या.

अपडेटवर डिजिटल सही हवीच, पण 2020 चं सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण आठवा: घातक अपडेटवर कंपनीची खरी सही होती, कारण कोड बिल्ड होतानाच मिसळला गेला होता. त्यामुळे फक्त सहीवर विसंबू नका. शिवाय सहीची किल्ली बिल्ड सर्व्हरवर ठेवू नका, यूएसबी टोकनवर (पेनड्राइव्हसारखं वेगळं उपकरण) ठेवा. अपडेट आधी 2 दुकानांत, 3 दिवसांनी बाकीच्यांत. सोयाबीनची आवक जोरात असताना तर नकोच.

मोंढा_डेव्ह, लातूर:
आणि तरीही शिरलंच तर?

बिल्ड_संभाजीनगर:
मशीन नेटवरून तोडा, पण फॉरमॅट करू नका, लॉग जातील. टोकन आणि पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला. त्याच मशीनवर बदलले तर नवेही चोरीला जातात. आधी एनपीएम आणि गिटहबचे, मग बँकेच्या एपीआयची (सॉफ्टवेअरला बँकेशी जोडणारी सोय) किल्ली. लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवणं बंधनकारक आहे, तो मसुदा आजच लिहून ठेवा. दुकानांत मागचं व्हर्जन परत टाकता येतं का, हे एका दुकानात या रविवारीच करून बघा.