जुन्या गिटारवर क्लिअर लॅकर: दुधाळ डाग पडलाय

प्रश्न: बाबांची गिटार, महोगनीची बॉडी. जुनं फिनिश काढून 320 नंबरपर्यंत सँडपेपर मारला. काल दमट हवेतच नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचे दोन हात स्प्रे केले. आज वरच्या कडेला पांढुरकी झाक! तिथे बाबांचा हात टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झालंय, ती खूण मी मुद्दाम ठेवली होती. सगळं पुन्हा खरवडायचं का?

उत्तर: अजिबात नको. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. कोरड्या दिवशी थिनरमध्ये थोडं रिटार्डर (थिनर हळू उडावा म्हणून घालतात ते द्रव्य) मिसळून हलका फवारा द्या. नायट्रो परत विरघळतं, ओल निघून जाते.

उत्तर: ग्रेन फिलर (लाकडाची छिद्रं बुजवणारी लुगदी) लावलं होतं का? महोगनीची छिद्रं उघडी राहिली तर लॅकर आत बसत जातं. आणि बफिंगआधी (घासून चकाकी आणण्याआधी) 3-4 आठवडे टांगून ठेवा. रबरी स्टँडवर नका ठेवू, नायट्रोला ते चिकटतं, डाग कायमचा. स्प्रे करताना ऑरगॅनिक व्हेपरचा (थिनरसारख्या रसायनांची वाफ अडवणारा) मास्क हवाच.

प्रश्नकर्ता: फिलर लावलं होतं. आज ऊन होतं, फवारा दिला. पाच मिनिटांत झाक विरली, बाबांची खूण परत दिसायला लागली. खूप आभार!