मॅट्रिक्स स्थिर, पण रिअ‍ॅक्टिव्ह: मग सिम्युलेशनमध्ये वाढ का दिसत नाही?

प्रश्न
परिसंस्थांचा गणिती अभ्यास करणारे रॉबर्ट मे यांच्या 1972 च्या पद्धतीने, प्रजातींच्या एकमेकींवरच्या परिणामांचं मॅट्रिक्स बनवलं आहे: 250 प्रजाती, जोडणीची शक्यता 0.2, सिग्मा (परिणामांच्या आकड्यांचं प्रमाण विचलन) 0.12, कर्णावर सगळीकडे −1. आयगेनव्हॅल्यूंचा सर्वांत मोठा वास्तव भाग −0.15 च्या आसपास येतो, म्हणजे स्थिर: समतोलाला दिलेला छोटा धक्का शेवटी विरतो. सममित भागाची (मॅट्रिक्स आणि त्याचा ट्रान्सपोज यांची सरासरी) सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू मात्र +0.2. म्हणजे मॅट्रिक्स रिअ‍ॅक्टिव्ह: धक्का आधी वाढून मग विरायला हवा. 100 रँडम धक्के दिले, एकही वाढला नाही. कोड चुकलाय का?

उत्तर 1
कोड बरोबर आहे, धक्के चुकीचे निवडलेत. सिग्मा गुणिले √(250 × 0.2) म्हणजे 0.85, ही आयगेनव्हॅल्यू ज्या वर्तुळात (केंद्र −1) पसरतात त्याची त्रिज्या. सममित भागाची टोकं तिच्या √2 पट, म्हणजे −1 ± 1.2 वर. त्रिज्या 0.71 ते 1 मध्ये असेल तर तुम्हाला दिसतंय तेच होणार: स्थिर, तरी रिअ‍ॅक्टिव्ह.

पण रँडम दिशेला धक्क्याच्या वाढीचा सुरुवातीचा वेग सरासरी −1 असतो आणि विचलन जेमतेम 0.05. शून्य ओलांडायला वीसेक विचलनं लागतील, तेव्हा लाख धक्के दिलेत तरी वाढ दिसणार नाही. सममित भागाच्या सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूचा आयगेनव्हेक्टर घ्या आणि तोच धक्का म्हणून द्या. नॉर्म (धक्क्याचा एकूण आकार) लगेच चढेल.

उत्तर 2
एक भर. तो व्हेक्टर फक्त पहिल्या क्षणाचा वेग कमाल करतो, शिखर नाही. शिखरासाठी t = 0 ते 20, पायरी 0.1 ठेवून प्रत्येक वेळेला मॅट्रिक्स-एक्स्पोनेन्शियल (सुरुवातीच्या धक्क्याचं t वेळेनंतर काय होतं ते सांगणारं मॅट्रिक्स) काढा आणि त्याची सर्वांत मोठी सिंग्युलर व्हॅल्यू नोंदवा. ती जिथे कमाल होते तिथला उजवा सिंग्युलर व्हेक्टर म्हणजे सर्वांत घातक धक्का.

जोड्या भक्षक-भक्ष्य केल्यात (चिन्हं विरुद्ध, आकडे गॉशियनचे) तर जोडीतल्या दोन आकड्यांचा सहसंबंध −0.64 होतो. मग सिग्मा 0.2 केला तरी सर्वांत मोठा वास्तव भाग −0.49 पाशी, आणि रिअ‍ॅक्टिव्हिटी (सममित भागाची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू) पुन्हा +0.2! म्हणून नुसत्या आयगेनव्हॅल्यूवरून अन्नजाळं सुरक्षित ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

प्रश्नकर्ता
आयगेनव्हेक्टर देऊन पाहिला, नॉर्म चढला. धक्क्याचा आकार किती ठेवू?

उत्तर 1
रेषीय समीकरणात आकाराने फरक पडत नाही. मूळ लोटका-व्होल्टेरा (प्रजातींच्या संख्येची अरेषीय समीकरणं) चालवत असाल तर सर्वांत लहान समतोल संख्येच्या 1 टक्क्याखाली ठेवा, नाहीतर एखादी प्रजाती शून्याला टेकेल आणि हा हिशोबच लागू राहणार नाही.