एक्झॉस्ट क्लीनिंगच्या वार्षिक काँट्रॅक्टमध्ये नक्की काय लिहायचं?

प्रश्न: मी हॉटेल किचनचे हूड-डक्ट (शेगडीवरचं धूर ओढणारं छत्र आणि धूर बाहेर नेणारा पाइप) साफ करतो, आत्तापर्यंत सगळं तोंडीच चालायचं, पण आता एका कस्टमरने डक्टचा मधला भाग राहिला म्हणून बिल अडवलंय. अहो तिथे उघडायला झाकणच नाही, हात कुठून घालू? लेखी करायचं ठरवलंय, काय काय टाकू?

उत्तर १: नुसतं "एक्झॉस्ट सफाई" लिहू नका, तिथेच वाद होतो. हूड, फिल्टर, डक्ट, वरचा फॅन असं सुटं सुटं लिहा. जिथे पोचता आलं नाही ती जागा रिपोर्टमध्ये फोटोसकट टाकून त्याच दिवशी सही घ्यायची, आणि अ‍ॅक्सेस पॅनल (डक्ट उघडायचं झाकण) बसवायचा खर्च कोणाचा तेही आधीच ठरवा.

उत्तर २: किती वेळा ते पण लिहा. एनएफपीए ९६ मध्ये (किचन एक्झॉस्टच्या अग्निसुरक्षेचं अमेरिकन मानक) लाकूड-कोळशावर चालणाऱ्या किचनला दर महिन्याला, २४ तास चालणाऱ्याला ३ महिन्यांनी, मध्यम वापराला ६ महिन्यांनी आणि अगदी कमी वापर असेल तर वर्षातून एकदा असं दिलंय. पण ही तपासणीची मुदत आहे बरं का, सफाई तेलकट थर बघून करायची, लोक दोन्हीत गल्लत करतात.

प्रश्नकर्ता: हे माहीतच नव्हतं! मी सगळ्यांना सरसकट ६ महिने सांगायचो 😅

उत्तर ३: गॅस आणि फॅनची वीज कोण बंद करणार तेही लिहा. आणि आग विझवायच्या सिस्टिमच्या नोझलवर केमिकल मारू नका.